संग्रह आणि मांडणी

मराठीत ‘संग्रह’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कथांचा संग्रह, कवितांचा संग्रह, नाण्यांचा संग्रह, शब्दांचा संग्रह. ‘मांडणी’ या शब्दाचेही तसेच आहे. स्वयंपाकघरात भांडी ठेवण्याची फळी म्हणजे मांडणी, आणि मुद्दे क्रमाने ठेवून केलेला युक्तिवाद म्हणजेही मांडणीच. या दोन शब्दांमध्ये एक जुने भांडण आहे. तीसेक वर्षे साहित्य शिकवूनही ते माझ्या नीटसे लक्षात आले नव्हते. ते लक्षात आले एका निवृत्त अभियंत्याच्या बागेत, खेळण्यातल्या मोटारींमुळे. त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते.

हा मित्र माझा महाविद्यालयातला, वयाने थोडा मोठा. त्याचे वडील रेल्वेत होते आणि त्याचे बालपण कुर्डुवाडीत गेले. पुढे तो इंग्लंडात गेला आणि तिथलाच झाला. निवृत्तीनंतर त्याने घरामागच्या बागेत रेल्वे मांडायला घेतली. बागेतली रेल्वे हा इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत चांगला रुजलेला छंद आहे. टेबलावर धावणाऱ्या छोट्या गाड्यांपेक्षा या गाड्या बऱ्याच मोठ्या असतात. त्या खऱ्या मातीवरून, खऱ्या झुडपांमधून आणि प्रसंगी खऱ्या पावसातून धावतात. १९६८ मध्ये लेहमान या जर्मन कंपनीने ‘एल.जी.बी.’ या नावाने उन्हापावसात टिकतील अशा गाड्या बाजारात आणल्या आणि हा छंद पुष्कळ पसरला.

या छंदात रूळ ही सोपी बाब आणि प्रमाण ही अवघड. ४५ मिलिमीटर रुंदीच्या एकाच रुळावर मीटरगेजची प्रतिकृती चालवायची तर प्रमाण १:२२.५ धरतात. तीन फुटी नॅरोगेजची चालवायची तर १:२०.३ आणि युरोपातल्या नेहमीच्या रुंद रुळांवरची गाडी चालवायची तर १:३२. रूळ तोच, पण त्यावरून जाणारे जग प्रत्येक वेळी वेगळ्या आकाराचे. माझ्या मित्राला त्याची लहानपणची गाडी हवी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने उभी केलेली आणि १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली, तरी लोकांच्या तोंडी ती बार्शी लाइटच राहिली. तिचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. मित्राने ३२ मिलिमीटरचे रूळ निवडले आणि भागाकार करून पाहिला. प्रमाण जवळजवळ अचूक १:२४ आले, म्हणजे खऱ्या जगातल्या एका फुटाला बागेत अर्धा इंच. यात त्याचा एक व्यवहारी डावही होता. मोटारींच्या प्रतिकृती जगभर ज्या प्रमाणांत बनतात, त्यांतले एक नेमके १:२४ आहे. इंजिन आणि डबे त्याला स्वतः घडवावे लागणार होते. निदान रस्त्यावरची वाहने विकत मिळतील, असा त्याचा हिशेब होता.

रेल्वेच्या मांडणीत मोटारी कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर इतिहासात आहे. ज्या मोटारी आज काचेच्या कपाटात बसतात, त्यांच्यातल्या एका मोठ्या घराण्याचा जन्मच रेल्वेच्या आश्रयाने झाला. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीत फ्रँक हॉर्नबी यांच्या खेळण्यातल्या आगगाड्या बनत. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्या गाड्यांना शोभेल असे पूरक सामान म्हणून स्थानकावरचे कर्मचारी आणि प्रवासी बाजारात आले. डिसेंबर १९३३ मध्ये सहा वाहनांचा एक संच आला. १९३४ मध्ये या मालिकेला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. आज संग्राहकांमध्ये सर्वाधिक रूढ असलेले १:४३ हे प्रमाणही ब्रिटिश ‘ओ गेज’ रेल्वेच्या फुटाला सात मिलिमीटर या हिशेबातून आले आहे. म्हणजे मोटार आधी फाटकापाशी उभी राहिली. गाडी जाईपर्यंत थांबणे हे तिचे काम होते. पुढे ती रेल्वेपासून सुटली, स्वतंत्र झाली, महाग झाली आणि शेवटी खोक्यात जाऊन बसली.

खोक्यात बसली हे शब्दशः घ्यावे. जुन्या मोटारींच्या बाजारात मूळ खोके असलेल्या मोटारीला खोके नसलेल्या मोटारीपेक्षा बराच अधिक भाव येतो. न हाताळलेली, चाके न फिरलेली, उन्हात न गेलेली प्रत उत्तम समजली जाते. वाल्टर बेन्यामिन यांनी संग्राहकाविषयी लिहिताना असे सुचवले होते की, तो वस्तूंना उपयोगाच्या जोखडातून मुक्त करतो. वाक्य सुंदर आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण फाटकापाशी थांबणे या कामातून मोटारीला मुक्त केले, तर तिच्यापाशी उरते काय? रंग, चकाकी आणि दुर्मिळता. माझ्या मित्राच्या घरात अशी एक मांडणी आहे, फळी या अर्थाने. तिच्यावर चाळीसेक मोटारी आहेत. बागेत दुसरी मांडणी आहे, युक्तिवाद या अर्थाने. पहिलीतल्या फार थोड्या मोटारी दुसरीत जाऊ शकतात, आणि माझा मुद्दा नेमका तिथेच सुरू होतो.

मांडणीतली मोटार विधान करते. इंजिने दीर्घायुषी असतात. तीस-चाळीस वर्षे तेच इंजिन तोच मार्ग चालते, त्यामुळे केवळ गाडी पाहून प्रसंगाचे साल सांगता येत नाही. मोटार मात्र साल सांगते. ब्रिटनमध्ये तर ती फारच बोलकी आहे. तिथे १९६३ पासून नोंदणी क्रमांकाच्या शेवटी वर्ष दाखवणारे अक्षर येऊ लागले. १९७३ पासून नव्या मोटारींना पुढे पांढरी आणि मागे पिवळी, प्रकाश परावर्तित करणारी पाटी सक्तीची झाली. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची नियमित वाफेची वाहतूक ऑगस्ट १९६८ मध्ये संपली होती. आता समजा, कोणी आपल्या बागेत वाफेच्या इंजिनाची रोजची प्रवासी गाडी फाटकातून जाताना दाखवली आणि तिच्यासाठी थांबलेल्या मोटारीला मागे पिवळी पाटी लावली. बोटाच्या पेराहून लहान अशा त्या पाटीने सगळे दृश्य खोटे ठरते. जाणकार पाहुणा इंजिनाकडे पाहण्याआधी ती पाटी वाचतो. हे वाचनच आहे, दुसरे काय?

रोलाँ बार्त यांनी १९६८ मधल्या एका निबंधात फ्लोबेरच्या कथेतल्या वायुभारमापकाचा मुद्दा काढला होता. कथानकाला ज्याची काहीच गरज नाही असा तपशील ‘हे वास्तव आहे’ एवढेच सांगण्यासाठी तिथे असतो, असे त्यांचे प्रतिपादन. आपल्या वर्गांतून ते आपण निष्ठेने शिकवतो. बागेतल्या फाटकापाशी मला ते अपुरे वाटले. तपशील खरा असेल तेव्हा तो वास्तवाचा नुसता आभास देत नाही. शेजारच्या प्रत्येक तपशिलावर तो अटी घालतो. मोटार १९६५ ची असेल तर दुकानाची पाटी, बाईचा पोशाख, विजेचा खांब या सगळ्यांना तिच्याशी जमवून घ्यावे लागते. संग्रहात वस्तू परस्परांना काही मागत नाहीत. मांडणीत त्या सतत मागत असतात.

मित्राची कुर्डुवाडी १९६८ च्या आसपासची. तिथे ही मागणी कशी पुरवायची? काही गोष्टी सोप्या निघाल्या. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जोडणी भारतात सुरू केली होती. विलीज जीप १:२४ मध्ये कुठेही मिळते, फक्त तिच्यावरचा सैनिकी तारा पुसावा लागतो. ट्रकचेही धागेदोरे सापडले. टाटा आणि डायम्लर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ असे चालले आणि त्या काळातल्या टाटा ट्रकांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. तेव्हा जर्मन ट्रकचे नाक घेऊन त्याला मागे देशी लाकडी हौदा बांधणे हे ऐतिहासिक सत्याला धरूनच होते. अँबॅसडर मात्र गंमतीची ठरली. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ही मोटार १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिली, आणि समोरची जाळी, दिवे असे किरकोळ फरक सोडले तर तिची आकृती तीच राहिली. इंग्लंडात मोटार कॅलेंडरचे काम करते. आपल्याकडे अँबॅसडर दाखवली तर साल कळत नाही, साल थांबले होते एवढेच कळते. हाही एक ऐतिहासिक तपशीलच, पण तो वाचायला वेगळी नजर लागते.

अडचण पुढे आली. प्रतिकृतींच्या बाजारात काय मिळते याची यादी केली, तर शर्यतीच्या मोटारी, श्रीमंतांच्या मोटारी, चित्रपटांतल्या मोटारी आणि लष्करी वाहने यांचीच गर्दी दिसते. लंडनची दुमजली बस याच प्रमाणात सहज मिळते. कुर्डुवाडीच्या स्थानकाबाहेर उभी राहणारी बैलगाडी, टांगा, एस.टी. मिळत नाहीत. बाजार आठवणींची निवड करतो आणि ती निवड आपलीच आहे असे आपल्याला वाटू लागते. मित्राने एकदा प्रामाणिकपणे सांगितले, “अरे, सुरुवातीला मी स्थानकाबाहेर एक फोक्सवॅगन ठेवली होती. हाताशी होती म्हणून. दोन वर्षांनी मला खरोखर वाटायला लागले की कुर्डुवाडीत कुणाकडे तरी फोक्सवॅगन होती.”

बैलांच्या बाबतीत मी मदत करायला गेलो आणि फजीत झालो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे जाताना पोळ्याचे मातीचे बैल कापसात गुंडाळून नेले. बैलाची खांद्यापाशी उंची साधारण एक मीटर तीस-चाळीस सेंटिमीटर असते. १:२४ मध्ये ती साडेपाच-सहा सेंटिमीटर व्हायला हवी. माझे बैल त्याच्या दुप्पट होते. स्थानकापाशी ठेवले, तर स्टेशनमास्तरच्या खोलीच्या छपराला शिंगे टेकली. आम्ही दोघेही हसलो, आणि हसता हसता मला दिवाळीतला किल्ला आठवला.

आपल्याकडच्या प्रत्येक अंगणात कधी ना कधी ही बागेतली मांडणी झालेली आहे. मातीचा डोंगर, त्यावर पेरलेले हळीव, पोत्याच्या खालचे दगड. किल्ल्यावर महाराजांची मूर्ती महादरवाजापेक्षा मोठी, मावळे बुरुजाएवढे, पायथ्याच्या रस्त्यावर एखादी प्लॅस्टिकची मोटार. याला प्रमाण नाही असे म्हणणे चूक होईल. तिथले प्रमाण महत्त्वाचे आहे, मापाचे नाही. जो थोर तो मोठा. आपली पुराणे, आपली लोकचित्रे आणि आपल्या पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्या याच प्रमाणावर उभ्या आहेत आणि त्यांचे ते व्याकरण पक्के आहे.

बागेतल्या रेल्वेचे व्याकरण निराळे. १:२४ म्हटले की स्टेशनमास्तर आणि हमाल एकाच हिशेबाने लहान होतात. कोणाला सवलत नाही. मला वाटते, वास्तववादाची नैतिक बाजू, जी आपण वर्गात मोठमोठ्या शब्दांत सांगतो, ती एवढीच आहे. सगळ्यांना एकच भाजक. ज्याच्याविषयी लेखकाला प्रेम आहे त्यालाही, आणि ज्याच्याविषयी तुच्छता आहे त्यालाही. घोटाळा होतो तो ही दोन व्याकरणे नकळत मिसळली की. हमालाला करुणेने दुप्पट मोठा करणाऱ्या कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांतला हमाल माझ्या मातीच्या बैलासारखा छपराला टेकतो आणि आपण मात्र त्याला वास्तव म्हणतो.

आता माझ्या स्वतःविषयी. पस्तीसेक वर्षांपूर्वी माझ्या काही ग्रामीण कथा छापून आल्या होत्या. मित्राने त्या जपून ठेवल्या आहेत. तिथल्या मुक्कामात एका संध्याकाळी त्याने त्यांतली एक काढली आणि म्हणाला, “रागावू नकोस, पण तुझा गाडीवान खोक्यातला आहे.” मी रागावलो. दोन दिवस नीट बोललोही नाही. मग ती कथा पुन्हा वाचली. लिहिण्याआधी मी एका खेड्यात राहून वहीभर शब्द गोळा केले होते. शिवळ, जुपणी, आख, आरे, वंगण. कथेतला गाडीवान पहाटे बैल जुंपतो आणि जुंपता जुंपता यांतला प्रत्येक शब्द उच्चारतो. खरा गाडीवान शिवळीचे नाव घेत नाही, तो शिवळ घालतो. माझ्या कथेतले शब्द खरे होते, दुर्मिळही होते आणि एकालाही धूळ लागलेली नव्हती. परीक्षणांत त्या कथांच्या समृद्ध शब्दसंग्रहाची स्तुती झाली होती. त्या स्तुतीचा अर्थ मला आत्ता लागला. मी फळी सजवली होती.

मित्र आपल्या जीपचे काय करतो ते मी पाहिले होते. नवी कोरी जीप तो खोक्यातून काढतो, तिची चकाकी घालवतो आणि पातळ केलेला मातकट रंग चाकांच्या कडांत, पायरीखाली, काचेच्या कोपऱ्यांत सोडतो. काचेवर पुसणीचा अर्धगोल तेवढा स्वच्छ ठेवतो. त्या क्षणी तिची बाजारातली किंमत बहुतेक नाहीशी होते. पण त्यानंतर ती कुठून तरी आलेली आहे असे वाटू लागते. ग्रामीण बोली, जुने शब्द, प्रादेशिक तपशील यांच्या बाबतीत हा सौदा करायला आपण तयार असतो का? शब्द वापरला की तो घासला जाणार, त्याची दुर्मिळता जाणार, वाचकाच्या तो लक्षातही न येण्याची शक्यता आहे. न लक्षात येणे हेच त्याचे यश, हे पचवणे लेखकाला जड जाते आणि समीक्षकाला त्याहून जड.

संग्रहाची निंदा करण्याचा माझा उद्देश नाही. कोणीतरी खोके जपले म्हणून जुन्या मोटारीचा मूळ रंग कोणता होता ते आज कळते. युद्धपूर्व काळातल्या कित्येक डिंकी मोटारी जस्ताच्या अशुद्ध मिश्रधातूमुळे आतून भेगाळून तुकडे होऊन गेल्या. ज्या उरल्या आहेत त्यांना जपणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश आणि त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती नसती, तर मराठीचे किती शब्द आपल्या हातून गेले असते! ओव्या, म्हणी, उखाणे जमवणाऱ्यांचे ऋणही असेच आहे. कोशाने कोश असावे. आक्षेप आहे तो कथेने कोश होण्याला, आणि समीक्षेने कथेचे मोजमाप फळीवरच्या वस्तू मोजून करण्याला.

राहता राहिली एस.टी. मित्राने वर्षभर शोधली. कोणी सुचवले की दुमजली बसचा वरचा मजला कापून रंग द्या. कोणी म्हणाले, दुसऱ्या देशाची एखादी जुनी बस ठेवा, तिथे कोणाला कळणार आहे? तिथे खरोखरच कोणाला कळले नसते. त्याच्या बागेत येणाऱ्यांपैकी कुर्डुवाडी कोणी पाहिलेली नाही. पण त्याने काहीच ठेवले नाही. स्थानकाबाहेरची मोकळी जागा मोकळीच ठेवली आणि कडेला सात-आठ माणसे उभी केली. बोचकी, एक पत्र्याची पेटी, कडेवर मूल घेतलेली एक बाई. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, रस्त्याच्या वळणाकडे. मराठी माणसाला त्या जागेचा अर्थ विचारावा लागत नाही. गाडी अजून यायची आहे.

मला ही रिकामी जागा त्याच्या चाळीस मोटारींपेक्षा मोलाची वाटली. जे आपल्यापाशी नाही त्याच्या जागी हाताशी असलेले ठेवून देणे हा मोह लेखकालाही होतो आणि आठवणी सांगणाऱ्यालाही. जागा मोकळी ठेवायला धैर्य लागते, आणि ती कोणासाठी मोकळी आहे हे कळावे म्हणून भोवतालची माणसे अचूक उभी करावी लागतात.

पुढल्या वर्षी मी निवृत्त होईन. तोवर विद्यार्थ्यांना शब्दसंग्रह वाढवायला सांगत राहीन, कारण ते आवश्यकच आहे. मात्र वहीतला एखादा सुरेख शब्द कोणी कौतुकाने दाखवलाच, तर एक प्रश्न विचारायचे ठरवले आहे. हा रस्त्यावर कुठे उभा राहणार, आणि याच्या शेजारी कोण असेल? माझी ती गाडीवानाची कथाही पुन्हा लिहायला घेतली आहे. अजून तो बैल जुंपतोच आहे. या वेळी काही बोललेला नाही.